मेणवलीखालचा डोह आणि गुरुजींचा गळ

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा धोमच्या धरणात विसावते, तेथून मोजूनमापून सोडली जाते आणि वाईच्या घाटांना भेटण्याआधी मेणवलीपाशी क्षणभर संथ होते. वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा दगडी घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांच्या हाती आलेली पोर्तुगीज घंटा पाहण्यासाठी लोक दूरदूरून येतात. ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट दिसल्यापासून तर येणाऱ्यांत तरुणांचीही भर पडली आहे. छायाचित्रे काढून तासाभरात मंडळी पाचगणीची वाट धरतात. नदी सर्वांच्या छायाचित्रांत असते; नदीत काय आहे, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

ज्यांचे लक्ष साठ-पासष्ट वर्षे केवळ तिकडेच होते, असे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे उपचारासाठी येतात. वय शहात्तर. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. दहाव्या वर्षी भोईवाड्यातल्या एका सवंगड्याने त्यांच्या हाती पहिला गळ दिला. शाळा सुटली की नदी, आणि पुढे शिक्षक झाल्यावर रविवार उजाडला की नदी, असा त्यांचा क्रम. घाटावर ते कधी गळ टाकत नाहीत. देवळासमोरच्या पाण्यात मासा धरायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा दंडक. घाट मागे टाकून थोडे खाली गेले की करंजाची झाडे पाण्यावर ओणवी झालेली आहेत, तेथे एक डोह आहे. ती त्यांची जागा.

त्यांच्याबरोबर पहिल्यांदा तेथे बसलो तो नोव्हेंबरचा महिना होता. पाण्यावर धुक्याचा पातळ थर, समोरच्या फांदीवर खंड्या, आणि उत्तरेला पांडवगडाचा माथा उन्हात येऊ लागलेला. गुरुजींचे साहित्य पाहून मला आश्चर्य वाटले. आजकाल दुकानात चाकाच्या, दुमडत्या, परदेशी बनावटीच्या काठ्या मिळतात. यांच्याकडे एक जुनी, तेलपाण्याने तुळतुळीत झालेली बांबूची काठी, तंगूस, शिशाचे दोन मणी, भेंडाचा बोटभर तुकडा आणि एका पितळी डबीत निरनिराळ्या आकाराचे गळ. मरळीसाठी जिवंत आमिष, वामीसाठी गांडूळ, रोहूसाठी हळद घालून मळलेली कणीक. “कणकेत हळद कशासाठी?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “माशाला आवडते की मला, हे अजून ठरलेले नाही, डॉक्टर. पण आमच्या भोयाने घातली, म्हणून मी घालतो.”

गळाने मासे धरणे हा साहेबांनी आणलेला छंद आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिले असून माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य, काठी आणि दोरी यांचे वर्णन केले आहे. इंग्लंडमधील आयझॅक वॉल्टनचे या विषयावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ सालचे. म्हणजे आपला राजा त्याच्याही पाच शतके आधीचा. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या यशाची वार्ता ऐकावी तसे प्रसन्न झाले.

दुसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचा अभ्यास करून त्यांना शास्त्रीय नावे दिली. ती देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावे तशीच लॅटिनच्या साच्यात बसवली. दख्खनी महसीर, जो त्याला पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळाला, तो १८३९ पासून जगभरच्या ग्रंथांत ‘खुद्री’ म्हणून नोंदलेला आहे. कृष्णेतला ‘कोलस’ आणि ‘पोटेल’ही तसेच. “लंडनच्या पंडितांना आमच्या भोयांची भाषा बोलावी लागते,” असे गुरुजी म्हणतात आणि मिशीतल्या मिशीत हसतात.

आता वैद्यकाकडे वळतो, कारण गुरुजी माझ्याकडे आले ते मासे सांगायला नव्हे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चालताना एक हात हलेनासा झाला, अक्षर बारीक होत गेले, चेहऱ्यावरचे भाव मावळले. मेंदूविकार तज्ज्ञांनी पार्किन्सनचे निदान केले आणि औषध सुरू झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. पुढच्या पावसाळ्यात डोहाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर त्यांचा पाय घसरला. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. परंतु घरच्यांच्या मनाने जे घ्यायचे ते घेतले. काठी माळ्यावर गेली.

सहा महिन्यांनी सूनबाई त्यांना घेऊन आल्या, तेव्हा त्यांची तक्रार पडण्याची नव्हती. “आबा बोलतच नाहीत. दिवसभर खिडकीशी बसतात, दुपारी झोपतात आणि रात्री जागतात. जेवणसुद्धा सांगितले तर करतात.” वजन चार किलोंनी उतरले होते. पार्किन्सनमध्ये औदासीन्य पुष्कळ रुग्णांना येते. ते केवळ दुःखामुळे नसते, मेंदूतील रासायनिक बदलांचाही त्यात भाग असतो, आणि त्यावर उपचार आहेत. ते आम्ही सुरू केलेच. मात्र मी विचारले, “गुरुजी, नदीवर केव्हा गेला होतात?” त्यांनी सुनेकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, घरात पडले तर आम्ही आहोत. नदीत पडले तर?”

हा प्रश्न योग्य होता. वृद्धांच्या बाबतीत ‘त्यांना आनंदात जगू द्या’ असे सांगणारे पुष्कळ असतात. रात्री दोन वाजता मोडलेल्या खुब्यासह रुग्णालय गाठायची वेळ येते तेव्हा त्यांतले कोणी सोबत नसते. म्हणून मी त्या दिवशी काहीच ठरवले नाही. जागा पाहायला येतो, एवढेच म्हणालो. नोव्हेंबरातली ती भेट याचसाठी होती.

जागेवर गेल्यावर धोका कोठे आहे हे दिसले. बसण्यात तो फारसा नव्हता. खरी भीती उतरण्यात होती, आणि त्याहून अधिक, बराच वेळ बसून एकदम उठण्यात. पार्किन्सनमध्ये आणि त्यावरच्या लेव्होडोपासारख्या औषधांमुळेही, उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. आम्ही आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजतो. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर माणूस सावध हवा. गुरुजींचा अठराने उतरत होता. दोन तास पाण्याकडे टक लावून बसलेला माणूस मासा लागताच ताडकन उठतो. त्याच क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते आणि समोर डोह असतो.

मग जागा बदलली. डोहापासून शंभरेक पावलांवर काठ सपाट आहे, गाडी जवळपर्यंत येते आणि पाणी गुडघ्याच्या वर नाही. गुरुजींना ती जागा पसंत नव्हती. “येथे चिलापीखेरीज काही मिळायचे नाही,” असे ते तुच्छतेने म्हणाले. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ च्या सुमारास आपल्या देशात आणला गेला आणि आता आपल्या बहुतेक तलावांत व नद्यांत ठाण मांडून बसला आहे. जुन्या गळकऱ्यांना तो पाहुणा कधीच आवडला नाही. परंतु चिलापी की खिडकी, अशी निवड असल्यावर त्यांनी चिलापी पत्करली.

दोन्ही बाजूंना हात असलेली भक्कम खुर्ची, पाण्यापासून दोन हात मागे. पायांत चप्पल नव्हे, मागून बंद होणारे व रबरी तळाचे बूट. उठण्यापूर्वी दहा वेळा टाचा वर-खाली करायच्या, मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहायचे आणि मनात दहा मोजून पाऊल उचलायचे. मासा लागला तरी! हा शेवटचा नियम पाळायला त्यांना महिना लागला. लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण-एक तासाने शरीर मोकळे होते आणि काही तासांनी पुन्हा जखडते. त्या मोकळ्या वेळातच नदीवर असावे, अशी गोळीची वेळ बसवली. ही गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी घेतलेली बरी, कारण प्रथिनयुक्त आहाराबरोबर ती नीट शोषली जात नाही. म्हणून निघताना दूध-अंडे नको, ते नंतर. आणि एकटे जायचे नाही. नातू सोबत जातो. सुरुवातीला तो मोबाइलमध्ये डोके खुपसून बसे. आता त्याच्याकडेही एक काठी आहे.

कंपाचे काय, हा प्रश्न गुरुजींनीच काढला. आयुष्यभर ते दोरीवर तर्जनी ठेवून मासा ओळखत आले. रोहू आमिष चोखतो, वाम हळूच ओढत नेते, मरळ एकदम झडप घालते; हे सारे बोटाला कळे. आता बोट स्वतःच थरथरते. “मासा कोणता आणि आजार कोणता, हे समजत नाही,” असे ते म्हणाले. या आजारातला कंप हात स्वस्थ असताना अधिक असतो आणि हात कामाला लागला की पुष्कळदा कमी होतो. गळ टाकताना, गाठ मारताना हात बराच स्थिर राहतो. वाट पाहताना मात्र थरथरतो, आणि या छंदात वाट पाहणेच अधिक. त्यावर तोड त्यांनीच काढली. जमिनीत एक बेचकी रोवली, काठी तिच्यावर टेकवली, टोकाला एक लहान घुंगरू बांधले आणि बोटाचे काम डोळ्यांकडे व कानांकडे सोपवले. भेंड बुडाले की दिसते, काठी हलली की घुंगरू वाजते. व्यवसायोपचार तज्ज्ञाने यापेक्षा चांगले काही सुचवले असते असे मला वाटत नाही.

आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेसात ते साडेनऊ. चार महिन्यांत त्यांची रात्रीची झोप सुधारली. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की शरीराचे घड्याळ जागेवर येते, हे झोपेच्या कोणत्याही गोळीआधी करून पाहण्यासारखे आहे. वजन पूर्ववत झाले. औदासीन्यावरची गोळी चालूच होती, तिचे श्रेय मी नदीला देणार नाही. पार्किन्सन बरा होत नाही आणि त्यांचाही झालेला नाही. या वर्षी चालताना पाऊल अडखळणे वाढले आहे. पण ते बोलू लागले. सूनबाईंनी मला वेगळेच सांगितले. “आठवड्यातले ते चार तास घर माझे असते, डॉक्टर. मी नुसती बसून चहा पिते.” सांभाळणाऱ्याच्या विश्रांतीची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. माझ्या मते ती व्हायला हवी.

ज्या घरांत असा छंद असलेले ज्येष्ठ आहेत, त्यांच्यासाठी दवाखान्यात वारंवार सांगाव्या लागणाऱ्या काही गोष्टी येथे लिहून ठेवतो. गळाच्या टोकाशी उलटे वळलेले दाते असते. तो बोटात रुतला तर मागे खेचू नये, मांस फाटते. तंगूस कापावे, गळ हलणार नाही असे कापड गुंडाळावे आणि डॉक्टरांकडे यावे. आम्ही जागा बधिर करून तो काढतो आणि धनुर्वाताच्या लसीचा विचार करतो. डोळ्याजवळ गळ लागला तर त्याला हातही लावू नये, दाब न देता वरून कागदी पेला झाकून थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहान जखमही बराच वेळ दाबून धरावी लागते. मधुमेही व्यक्तीने पाण्यात अनवाणी उतरू नये, घरी आल्यावर पावले उजेडात तपासावीत आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

आणखी एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. काठावर लघवीची सोय नाही म्हणून वृद्ध माणसे पाणीच पीत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष तर नक्कीच. त्यात उन्हाळा आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, म्हणजे चक्कर ठरलेली. आडोसा आहे अशी जागा निवडावी, ती गोळी केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारावे, पण पाणी प्यावे.

पावसाळ्यात मात्र माझा स्पष्ट नकार असतो. पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. ते धरायला सारे गाव ओढ्यात उतरते. चिखल, गढूळ पाणी, पायाच्या भेगा आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले डबके, यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. पाण्यात उतरल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल, अशी लक्षणे दिसली तर ‘पाण्यात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते. शिवाय धरणाखालच्या नदीत पाणी सोडले की पात्र थोड्या वेळात चढते. भोंगा वाजतो, पण ज्याला ऐकू कमी येते त्याला तो वाजून काय उपयोग? गुरुजींचा आक्षेप निराळा आहे. अंडी पोटात असलेला मासा धरणे म्हणजे पुढच्या वर्षीचा बाजार आज लुटणे, असे ते म्हणतात आणि ज्येष्ठापासून श्रावण सरेपर्यंत गळ टांगून ठेवतात. कारणे दोन, निष्कर्ष एक. मला तेवढे पुरते.

धरलेला मासा ते बहुधा परत सोडतात. लहान असेल तर सोडतातच. क्वचित एखादा घरी येतो, तेव्हा काटे काढणे हे सूनबाईंचे काम. पार्किन्सनमध्ये गिळण्याची क्रिया मंदावते आणि कवळी असेल तर टाळूला काटा जाणवत नाही. रोहूसारख्या माशांत बारीक दुहेरी काटे असतात. त्यांच्यासाठी कमी काट्यांची मरळ उत्तम. ती आता क्वचित मिळते. कोलस तर नातवाने पाहिलेलाच नाही. गुरुजींच्या वहीत १९६८ पासूनच्या नोंदी आहेत : तारीख, पाणी, मासा, अंदाजे वजन. पाने उलटत गेले की जुनी नावे विरळ होत जातात आणि शेवटच्या दहा वर्षांत चिलापी, कटला, चिलापी. बंधारे, वाळूउपसा, सांडपाणी. कारणे वहीत लिहिलेली नाहीत, पण ती काठावर उभे राहिले की दिसतात.

महसीर त्यांनी कृष्णेत शेवटचा केव्हा पाहिला हे विचारले, तर ते विषय बदलतात. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून महसीरची पैदास करून पिल्ले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली आहेत, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यावर ते म्हणाले, “पिल्ले ठीक आहेत. मला मोठा मासा पाहायचा आहे. धरायचा नाही, नुसता पाहायचा.”

म्हणून गेल्या माघात आम्ही त्यांना वाळणकोंडला नेले. महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तेथून महाड तालुक्यात बिरवाडीच्या बाजूला काळ नदीच्या पात्रात हा कोंड आहे. वरदायिनी देवीचे स्थान असल्याने येथले मासे देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी धरत नाही. कायद्याच्या पाटीने जे इतरत्र साधले नाही, ते येथे श्रद्धेने पिढ्यान्पिढ्या राखले आहे. घाटाच्या वळणांनी गुरुजींना मळमळ होऊ नये म्हणून दोनदा थांबलो, दुपारची गोळी गाडीतच घड्याळ लावून दिली आणि खडकापर्यंतचे अंतर नातवाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी वीस मिनिटांत चालून पार केले. निरोगी माणसाला पाच लागतात.

नातवाने मूठभर कुरमुरे पाण्यात टाकले. प्रथम काहीच घडले नाही. मग काळ्याशार पाण्यातून हाताएवढ्या लांबीच्या सावल्या वर आल्या, खवल्यांवर ऊन चमकले आणि पृष्ठभाग उकळल्यासारखा झाला. गुरुजी खुर्चीच्या कडेला सरकले. टाचा वर-खाली केल्या, हातांवर जोर देऊन उभे राहिले, दहापर्यंत मोजले आणि मग नातवाला म्हणाले, “पुढचा तो, मिशा असलेला, तो पाहा. खुद्री. वहीत लिही.”

“वजन किती लिहू, आबा?”

“वजन नको. माप आपण घेतलेले नाही. नुसते नाव आणि तारीख लिही.”